पहिला पेला

१

मेलेल्या माणसाच्या रक्तात जे सापडलं ते बाटलीत नव्हतं, आणि एवढ्याच कारणासाठी पोलिसांना माझी आठवण झाली. एरवी अन्न आणि पेय खात्यातल्या तपासनिसाला कोण विचारतो? आम्ही हॉटेलांच्या मोऱ्या हुंगायच्या, दुधाच्या पिशव्या फोडायच्या आणि दुकानदारांच्या शिव्या खायच्या. खून वगैरे मोठ्या लोकांची कामं.

फौजदारांनी बाटली माझ्यासमोर ठेवली. संत्र्याच्या चवीचं, भांगेचा अर्क घातलेलं पेय. आमच्याकडे ते परवान्याच्या दुकानात उघडपणे मिळतं. बाटली अर्धी रिकामी होती.

"प्रयोगशाळेतल्या बाई म्हणतात, यात नुसतं साखरेचं पाणी आहे," फौजदार म्हणाले. "अर्क नावाला. आणि म्हाताऱ्याच्या रक्तात मात्र भरपूर."

म्हातारा म्हणजे लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्या एका जुन्या कारखान्याचा मालक. घरातले आणि बाहेरचे सगळे त्याला थोरले म्हणत. आदल्या दिवशी दुपारी एका उंच कपाटाच्या माथ्याला पॉलिशचा हात मारताना ते शिडीवरून पडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"जेवणानंतर या बाटलीतून तिघांनी एकेक पेला घेतला. थोरले, त्यांचा धाकटा भाऊ आणि मुलगी. बाकी दोघांना काहीसुद्धा झालं नाही. तिघांनी एकाच बाटलीतलं घेतलं, मग एकालाच कसं चढेल?" फौजदार खुशीत होते. "म्हणजे थोरल्यांना वेगळं काहीतरी दिलं गेलं. आता मला सांगा, असलं पेय घेतल्यावर चढायला किती वेळ लागतो?"

"चांगलं बनवलेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं. फार तर अर्धा तास."

"झालं तर मग! जेवण झालं दुपारी. थोरले पडले त्यानंतर दोनएक तासांनी. आणि पडायच्या अर्धा तास आधी त्यांना एकट्याला चहा कोणी दिला? घरजावयाने. तो काम कुठे करतो? औषधाच्या दुकानात. ही बाटली कोणी आणली? त्यानेच. मी त्याला आत घेतलाय. तुम्ही फक्त अर्ध्या तासाचं लिहून द्या."

मी लिहून दिलं असतं तर संध्याकाळी वेळेवर घरी पोचलो असतो. पण बाटलीतला अर्क गेला कुठे, हा किडा डोक्यात शिरला. कंपनीने भरला होता म्हणावं तर तो नाही, आणि भरलाच नव्हता म्हणावं तर लेबल खोटं. मी म्हटलं, "आधी घरच्यांशी बोलतो."

फौजदारांचा चेहरा पडला.

२

कारखाना म्हणजे घरामागची एक लांब खोली. लाखेचा आणि स्पिरिटचा वास, उभ्याआडव्या खुर्च्या, आणि मधोमध ते उंच कपाट. शिडी अजून तिथेच होती. कपाटाची अर्धी बाजू आरशासारखी चकाकत होती आणि अर्धी कोरडी. ते बघून मला उगीच गलबलून आलं. माणूस जातो ते जातो, त्याचं अर्धवट काम मागच्यांच्या डोळ्यांसमोर राहतं.

धाकटे स्टुलावर बसून होते. साठी ओलांडलेले असतील, पण भावाच्या मागे लहान मुलासारखे दिसत होते. बोलता बोलता मी फळीवरचा वार्निशचा डबा उचलला आणि आत किती आहे ते बघायला कानाशी धरून खळखळ हलवला.

"अहो!" धाकटे ताडकन उठले. "हलवू नका! बुडबुडे धरतात. आता तो दिवसभर लावता येणार नाही."

मी ओशाळून डबा खाली ठेवला. ते पुन्हा बसले, जरा नरमले. "माफ करा साहेब. पण इथे डबा हलवला की दादा बोटांवर फूटपट्टी मारायचा. मला मारली, पोरीला पण मारली. ती या टेबलाएवढी होती तेव्हापासून या डब्यांत वाढलीय."

"जावई?"

"तो आमच्यातला नाही. औषधवाला." त्यांनी नाक मुरडलं. "आठवड्यापूर्वी त्याचं आणि दादाचं वाजलं. मी पलीकडे होतो. हा म्हणाला, तुम्ही ऐकणार नसाल तर मलाच काय ते करावं लागेल. माझ्या कानांनी ऐकलंय."

"कशावरून वाजलं?"

"ते नाही कळलं. कपाट घासायचं मशीन चालू होतं."

"पेय घेतलंत तेव्हा जावई होता?"

"नव्हता ना! बाटली टेबलावर ठेवली, तेवढ्यात दुकानातून फोन आला आणि धावत गेला. म्हणाला, आलोच, मग मी ओततो. पण दादाला कुठला धीर. मग पोरीनेच ओतलं."

मी निघालो, तेव्हा ते दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, एक सांगू? दादा पहिला घोट घेऊन म्हणाला, ओठांना तेलकट लागतंय. मला तर तसं काही लागलं नाही. पोरीला पण नाही."

"पेले कोणी मांडले होते?"

धाकट्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोंडात मारली होती.

"पोरीने," ते म्हणाले.

३

मुलगी स्वयंपाकघरात होती. तिशीची, हडकुळी, नखांच्या कडांना लाखेचा तपकिरी रंग कायमचा बसलेला. मी काही विचारायच्या आत तिने मलाच विचारलं.

"साहेब, तो सुटेल ना? त्याने काही केलेलं नाही. तुम्ही एवढं सिद्ध करा. बाबा गेले, आता तोही आत गेला तर मी या घरात कोणाकडे बघायचं?"

रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "जे खरं असेल ते शोधतो." असलं वाक्य आम्ही सरकारी माणसं फार पटकन बोलतो.

तिने सगळं नीट सांगितलं. थोरल्यांचे गुडघे आणि बोटं महिनोन्‌महिने दुखत होती. गोळ्यांनी पोट बिघडायचं. जावई म्हणत होता शिडी चढणं बंद करा, ते ऐकत नव्हते. त्यावरूनच तो वाद झाला होता. शेवटी जावयाने डॉक्टरांना विचारून ही बाटली आणली.

"आम्ही कोणी आधी घेतलं नव्हतं. म्हणून मी लेबल पूर्ण वाचलं," ती म्हणाली. "लहान पेला, एकच. रिकाम्या पोटी नाही. असर कळेपर्यंत दुसरा घ्यायचा नाही. दारूबरोबर नाही. गाडी, मशीन, उंचावरचं काम बंद. मी बाबांना आधीच सांगितलं होतं, आज शिडी नाही. मशीनचा फ्यूजसुद्धा काढून खिशात ठेवलं."

"मग ते शिडीवर कसे गेले?"

"दुकानदार म्हणाला होता अर्ध्या तासात कळतं. आम्ही तासाच्या वर थांबलो. तिघांनाही काही नाही. बाबा हसायला लागले. म्हणाले, जावयाने सरबत आणलंय, फसवलंन बिचाऱ्याला कोणीतरी. मग हा आला, त्याने चहा केला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कपाट न्यायला येणार होतं. बाबांनी विचारलं, जाऊ का ग वर? मी म्हटलं, जा."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"चहा तुम्ही घेतलात?"

"नाही. मी आणि काका खाली कपाटाचे पाय घासत होतो. हात बरबटलेले."

"आणि पेले?"

"लगेच धुतले. का?"

फौजदारांची बेरीज बरोबर येत होती, याचाच मला राग येत होता. चहा एकट्या थोरल्यांनी घेतला, अर्ध्या तासाने पडले. ज्याला कोणाला जावई निर्दोष ठरवायचा होता त्याच्या हातात काहीच नव्हतं.

४

चौकीत जावई भिंतीला टेकून बसला होता. शांत, गोल चेहऱ्याचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. असल्या माणसाकडून आपण बिनधास्त खोकल्याचं औषध घेतो.

"चहात काय होतं?" मी विचारलं.

"चहा, दूध, साखर. त्यांना साखर जास्त लागते. लागायची." तो चिडलेला होता. "साहेब, मी वेडा आहे का? बाटली मी उघड आणली, पावती माझ्या खिशात. मारायचंच असतं तर औषधाच्या दुकानात कमी साधनं आहेत का? ती बाटली तपासा. त्यातच घोळ असणार."

"तपासली. उरलेल्यात अर्क नाहीच. पाणी आहे."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"उरलेल्यात नाही," तो म्हणाला. "तळाशी नाही."

"नाही."

"आणि तिने... थोरल्यांना आधी..." वाक्य त्याने गिळलं. चेहऱ्यावरचा सगळा राग उतरला. आता तिथे भीती होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती एवढं मलाही कळलं. मी दहा प्रश्न विचारले. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारांचा फोन आला. आवाजात लग्नघरातली खुशी.

"तुमची मेहनत वाचली. कबूल झाला. म्हणतो, चहात मीच टाकलं."

५

खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. भेसळ करणारा शेवटपर्यंत नाही म्हणतो. पण न केलेलं कबूल करणारा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदाच आला होता, आणि तेही बाटली तपासा म्हणून ओरडल्यानंतर. मधे घडलं एवढंच होतं की मी त्याला सांगितलं, उरलेल्यात अर्क नाही.

मी तडक त्या परवान्याच्या दुकानात गेलो. बाटल्यांची रांग दर्शनी काचेत मांडलेली, वर कडक ऊन. त्यातलीच एक न उघडलेली घेतली आणि न हिंदकळू देता कार्यालयात आणून खिडकीत ठेवली. चहा पिऊन आलो तेव्हा उजेडात स्वच्छ दिसत होतं. बाटलीच्या अरुंद गळ्यात बोटभर पिवळसर तेल जमलं होतं, खाली नुसतं केशरी पाणी.

मग सगळं उलगडलं. चांगल्या पेयात अर्क पाण्यात इतका बारीक मिसळलेला असतो की तो लवकर भिनतो. त्यासाठी अर्धा तास खरा. पण ऊन लागून या बाटलीतलं पेय दुधासारखं फाटलं होतं. अर्क तेल होऊन वर आला होता. तेलाला वेळ लागतो. पोटातून, यकृतातून फिरत फिरत दीड-दोन तासांनी ते एकदम अंगावर येतं, आणि तोवर माणूस म्हणतो, मला तर काहीच झालं नाही. म्हणजे चहाचा काही संबंधच नव्हता. थोरल्यांना चढलं ते जेवणानंतरच्या पेल्याचं. गळ्यातलं सगळं तेल पहिल्या पेल्यात गेलं, म्हणून ओठांना चिकटलं. बाकीचे सरबत प्यायले.

लेबलावर सगळ्यात खाली लिहिलं होतं, घेण्यापूर्वी बाटली जोरात हलवा. औषधवाल्याच्या हातून ते न वाचताही झालं असतं. तो दिवसभर बाटल्या हलवूनच गिऱ्हाइकाला देतो. पण ओतलं कोणी? जिला लहानपणापासून डबा हलवला की फूटपट्टी बसायची तिने. आणि पहिला पेला दिला बापाला. मोठ्यांना सोडून दुसऱ्या कोणाला देणार?

मी चौकीत जाऊन जावयासमोर एवढंच म्हटलं, "तेल वर होतं. तुम्हाला कालच कळलं."

त्याने नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण तो खोटं बोलण्यात कच्चा होता. चहात काय टाकलं, कुठून आणलं, किती, एकही गोष्ट त्याला सांगता येईना. शेवटी त्याने हात जोडले.

"साहेब, तुम्ही हे लिहू नका. तिला रोज त्याच हाताने पॉलिशचा बोळा धरायचाय. दुसरं काही येत नाही तिला. बापाने तेवढंच शिकवलं. तिला कळलं की या हाताने ओतलं, तर तो हात ती कुठे ठेवणार?"

"आणि तुम्ही खुनी म्हणून आत बसणार?"

"मी ओतायला थांबायला हवं होतं. दुकानाचा फोन आला नि मी पळालो. माझीही चूक आहेच की."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि पायाही पडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. चौकीच्या बाकावर येऊन बसलो. खरं लिहिलं तर तो सुटेल आणि ती संपेल. न लिहिलं तर उलट. मधली वाट शोधायला माझं डोकं कमी पडलं. सगळा दोष दुकानदारावर टाकावा म्हटलं, तर तो लेबलावर बोट ठेवून मोकळा होणार. आणि कसंही लिहिलं तरी ओतणाऱ्याचा सही केलेला जबाब लागणारच होता.

६

कार्यालयात परत आलो तेव्हा ती येऊन बसली होती. कबुलीची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"तो खोटं बोलतोय," ती म्हणाली. "का बोलतोय ते सांगा."

मी खुर्चीत बसलो, उठलो, कागद इकडचे तिकडे केले. बाटली खिडकीत तशीच होती. आत शिरताच ती झाकायला हवी होती. पण मी वळेपर्यंत उशीर झाला होता. दिवसभर लाकडावरचा तेलाचा तवंग हुडकणारी नजर ती, तिला काय दाखवायला लागतं?

"वर तेल आलंय," ती म्हणाली.

"उन्हात होती ती. दुकानदाराचा हलगर्जीपणा. मी त्याचा परवाना..."

"दोन पेले द्या."

"कशाला उगीच..."

"द्या हो साहेब."

मी पाण्याचे पेले पुढे केले. तिने बाटली उचलली, हलकेच आडवी केली, पुन्हा उभी केली, बुडबुडा येऊ न देता टोपण काढलं आणि ओतलं. तिचा हात इतका स्थिर होता की मला बघवेना. पहिल्या पेल्यात पिवळं तेल तरंगत उतरलं. दुसऱ्यात नितळ केशरी पाणी.

ती दोन्हींकडे बघत राहिली.

"हलवा, लिहिलं होतं," ती म्हणाली. "वाचलं होतं मी. हातच उठला नाही. हे असंच केलं, एकदा आडवी करून."

"तुम्ही सगळी काळजी घेतली होती. शंभरातली नव्याण्णव माणसं एवढी घेत नाहीत."

"पहिला बाबांना दिला."

"हो."

"आणि वर जा म्हणूनही मीच सांगितलं."

मी पेले तिच्यापुढून बाजूला सरकवले. तिने पेल्यांवरून नजर काढली.

"त्याला हे माहितेय?"

"काल मी बाटलीचं सांगितलं तेव्हाच कळलं त्याला."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मला वाटलं आता कोसळणार. मी पाण्याचा तांब्या शोधू लागलो. पण ती म्हणाली, "लिहून घ्या साहेब. मी सांगते तसं सगळं लिहा. सही कुठे करायची ते दाखवा."

फौजदारांनी खूप कुरकुर केली. पण तेल त्यांनाही दिसत होतं, आणि प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्या काचेतल्या आणखी बाटल्या तपासून तेच सांगितलं. अपघात, असा शेरा पडला. दुकानदाराला दंड झाला. त्याने तो भरला आणि बाटल्या आतल्या फळीवर हलवल्या.

जावई सुटला तेव्हा मी चौकीच्या पायरीवर होतो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण घरीही जाववत नव्हतं. ती फाटकापाशी उभी होती. दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले. तो तिच्यासमोर येऊन थांबला.

"मला न सांगता तू आत बसून राहणार होतास?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे आयुष्यभर मी तुला बाबांचा खुनी समजले असते. तुझा तिरस्कार केला असता."

"तेवढं तुला झेपलं असतं," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत होती. रस्त्यावरून एक बस गेली, थांब्यावरची माणसं चढली, रस्ता मोकळा झाला.

"आणि हे?" तिने विचारलं. "हे कसं झेपवायचं?"

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिनेही बघितलं. एवढा वेळ सगळ्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मीच शोधत फिरत होतो, तेव्हा हेही माझ्याकडे असेल असं त्यांना वाटलं असावं. मी खाली बघितलं आणि दोघं निघून जाईपर्यंत मान वर केली नाही.